वर ओल, खाली थेंब: जुन्या गाडीच्या ऑइल गळतीचा शोध

क्लच हाउसिंग आणि इंजिन जिथे एकमेकांना जोडले जातात, त्या जोडाच्या अगदी तळाशी ऑइलचा थेंब लोंबकळताना दिसला की बहुतेक मिस्त्री एकच निदान करतात: फ्लायव्हीलकडचा (क्लचच्या बाजूच्या जड चाकाकडचा) क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीची ऑइल अडवणारी रबरी कडी, गेला. आमच्या गाडीच्या बाबतीतही तेच निदान झाले. तालुक्याच्या गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बॅटरी मारून पाहिली आणि गिअर बॉक्स उतरवून सील बदलावा लागेल, क्लच प्लेटही त्याच वेळी टाकून घ्या, असा सल्ला मिळाला. मजुरी आणि सामान मिळून खर्च आठ-नऊ हजारांच्या घरात जाणार होता. हे निदान अवाजवी नव्हते, कारण मागचा सील गेल्यावर ऑइल खरोखरच त्याच जागेवरून ठिबकते. मात्र त्या जागेवरून ठिबकणारे ऑइल दुसरीकडूनही आलेले असू शकते, आणि गिअर बॉक्स उतरवण्याआधी ते तपासणे आवश्यक आहे, असे मला वाटत होते.

गाडी १९९७ सालची आहे. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे आणि बॉनेटखाली आडवे बसवलेले आहे. त्याच्या एका टोकाला टायमिंग बेल्ट आणि दुसऱ्या टोकाला क्लच व गिअर बॉक्स; या दुसऱ्या टोकालाच इंजिनचे मागचे टोक म्हणतात. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटरवर आहे. वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी तिकडे जाणे असो की पेरणीच्या दिवसांत सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणणे असो, सगळे या गाडीवरच चालते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते, त्यामुळे इंजिन ऑइलने माखलेले ठेवणे परवडणारे नव्हते. त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावते. त्यातील लिटरभर कमी झाले आणि आपण ऑइलची पातळी दाखवणारी गेज पट्टी पाहायला विसरलो, तर भर उन्हात घाट चढताना बेअरिंगला ऑइल पुरणार नाही, आणि मग सील नव्हे तर सगळे इंजिनच खोलावे लागेल. शिवाय गळणारे ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर जळका वास येतो, धूर निघतो आणि पेट घेण्याचाही धोका असतो.

गळणारे द्रव नेमके कोणते आहे, हे ठरवणे ही पहिली पायरी होती, कारण इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या जोडावर दोन्हींचे ऑइल येऊ शकते. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर पडलेले डाग काळपट तपकिरी आणि पातळ होते. गिअर ऑइल दाट असते, आणि त्यातील गंधकयुक्त मिश्रणामुळे त्याला एक उग्र, नाकात बसणारा वास येतो. तो वास या डागांना नव्हता. म्हणजे इंजिन ऑइलच होते. दुसरी गोष्ट क्लचची. मागच्या सीलमधून ऑइल येऊ लागले की ते आधी हाउसिंगच्या आत पडते, फ्लायव्हीलच्या फिरण्याने उडते आणि पुष्कळदा क्लच प्लेटपर्यंत पोहोचते. मग चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही. आमच्या गाडीचा क्लच भरल्या गाडीतही घसरत नव्हता. एवढ्यावरून सील चांगला आहे असे सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला जागा नक्कीच होती.

गावातील ट्रॅक्टर आणि मोटारपंपांची कामे करणारे आमचे मिस्त्रीकाका गाडी पाहायला आले, तेव्हा ते खाली वाकलेच नाहीत. बॉनेट उघडून बराच वेळ इंजिनच्या मागच्या टोकाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, तेल उतरते, चढत नाही. थेंब कुठून पडून रायला ते नका पाहू, सगळ्यात वरतं कुठं ओलं हाय ते पाहा." ऑइल गळतीच्या निदानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. यात फक्त वाऱ्याचा हिशेब जोडावा लागतो: गाडी चालत असताना वारा ऑइलला मागे ढकलतो, म्हणून ओल जिथे दिसते त्याच्या वर आणि पुढे उगम शोधावा.

अडचण अशी होती की वर काय ओले आहे, हे कळायला वर काही दिसायला तर हवे. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ अत्यंत बारीक असते. उन्हाळ्यात शेतरस्त्यावरून गाडी गेली की ती बॉनेटच्या आत शिरते, ऑइलच्या ओलाव्यावर बसते आणि वर्षानुवर्षे तिचे जाड किटण तयार होते. आमच्या इंजिनच्या मागच्या बाजूला ते बोटाच्या पेराइतके जाड झाले होते आणि त्याखाली बोल्टांची डोकीही दिसत नव्हती. अशा इंजिनकडे पाहून गळतीची जागा सांगणे म्हणजे अंदाजच. म्हणून दुरुस्तीतील सर्वांत मोठा वेळ मी धुण्याला दिला, आणि तो योग्य जागी गेला असे माझे ठाम मत आहे.

धुताना इंजिन पूर्ण थंड होते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली; डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग), कार्ब्युरेटरचे तोंड आणि अल्टरनेटर यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधल्या. आधी लाकडी पट्टीने किटण खरवडून काढले, कारण लोखंडी पट्टीने अॅल्युमिनियमवर चरे पडतात. मग ब्रशने थोडे थोडे डिझेल लावून उरलेला थर मऊ केला, कापडाने पुसून घेतला आणि शेवटी कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने दोनदा धुऊन साध्या पाण्याचा हात फिरवला. वॉशिंग सेंटरवरच्या जोराच्या फवाऱ्याखाली अशा जुन्या इंजिनला नेऊ नये. पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये आणि तारांच्या जोडात शिरते, आणि जोराच्या पाण्याने एखाद्या जीर्ण सीलची कडही उचलली जाऊ शकते. डिझेलचा अंशही उरू नये म्हणून बॉनेट उघडे ठेवून गाडी दिवसभर उन्हात राहू दिली. संध्याकाळी इंजिनचा मूळ राखाडी रंग प्रथमच नीट दिसला.

दुसऱ्या दिवशी संशयाच्या सगळ्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली: टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ऑइल फिल्टरच्या आणि प्रेशर स्विचच्या भोवती, पुढच्या पुलीच्या मागे, तळाच्या ऑइल चेंबरच्या जोडावर आणि क्लच हाउसिंगच्या माथ्यावर. शहरात ऑइलमध्ये रंगद्रव्य मिसळून निळसर-जांभळ्या दिव्याखाली गळती शोधण्याची सोय मिळते. ज्यांना ती उपलब्ध आहे त्यांनी जरूर वापरावी. पावडरीचे तत्त्व तेच आहे, कोरड्या पांढऱ्या थरावर ऑइलचा पहिला ओघळ लपत नाही. इंजिन उभ्या जागी तापवले तेव्हा काहीच दिसले नाही. त्यानंतर दारव्ह्यापर्यंत जाऊन आलो आणि इंजिन गरम असतानाच पुन्हा पाहिले. गरम ऑइल पातळ होते आणि रस्त्यावर इंजिनाचा वेगही अधिक असतो, त्यामुळे उभ्या गाडीत न दिसणारी गळती चालवल्यावर दिसते.

डिस्ट्रिब्युटर या इंजिनात हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, बरोबर क्लच हाउसिंगच्या वर बसवलेला आहे आणि तो कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, फिरतो. त्याची खालची बाजू डोळ्यांना थेट दिसत नाही. दाढीचा छोटा आरसा त्याच्या बुडाखाली धरला आणि मोबाइलचा उजेड आरशावर टाकला, तेव्हा पावडरीचा पांढरा थर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाच्या खालच्या अर्ध्या भागात मधाच्या रंगाचा झालेला दिसला. तिथून एक बारीक ओघळ हेडच्या कडेने उतरून हाउसिंगच्या माथ्यावर आला होता. पाहता पाहता बुडाच्या कडेला एक थेंब जमला, जड झाला आणि त्याच वाटेने सरकला. हाउसिंगच्या माथ्यावरून हे ऑइल जोडाच्या फटीने दोन्ही बाजूंनी उतरून तळाशी एकत्र येत होते, म्हणूनच खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलमधून येत असल्यासारखे वाटत होते. टॅपेट कव्हरचा मागचा कोपराही ओला होता, पण कमी. फिल्टर, प्रेशर स्विच आणि पुढची पुली या जागा कोरड्या होत्या. चेंबरच्या जोडावरही ऑइल नव्हते. फक्त ड्रेन बोल्टच्या वॉशरला किंचित ओलावा होता. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून पाहिली तर आत ऑइल नव्हते, म्हणजे त्याच्या दांड्यावरचा आतील सील शाबूत होता आणि दोष बाहेरच्या ओ-रिंगचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कडीचा, होता.

इथेच थांबून रिंग बदलता आली असती, परंतु दोन ठिकाणचे रबर एकाच सुमारास हार मानते तेव्हा आतून दाब येत आहे का, हे पाहावे लागते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचा थोडा अंश पिस्टन रिंगच्या बाजूने खाली ऑइल चेंबरकडे निसटतो. हे प्रत्येक इंजिनात होते, नव्यातही. तो वायू बाहेर पडावा म्हणून टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी ब्रीदर नळी असते. तिथून तो पुन्हा इंजिनात ओढला जाऊन जळून जातो. ही वाट तुंबली तर आतला दाब सर्वांत कमजोर पॅकिंग शोधतो आणि तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्या तोंडावर पतंगाच्या कागदाचा तुकडा ठेवला. तो आत ओढला जाण्याऐवजी वर उडत राहिला.

नळी काढली तेव्हा तिचे एअर क्लीनरकडचे टोक काळ्या लगद्याने जवळपास पूर्ण बंद झालेले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा थर होता. असा थर हेड गॅस्केट (हेडखालचे पॅकिंग) जाऊन ऑइलमध्ये पाणी मिसळल्यावरही येतो, म्हणून रेडिएटरमधील पाणी तपासले. ते कमी होत नव्हते आणि त्यावर ऑइलचा तवंगही नव्हता. खरे कारण गाडीच्या वापरात होते. गावातल्या गावात, शेतापर्यंत, बसस्टँडपर्यंत अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, आत जमलेला ओलावा वाफ होऊन निघून जात नाही, आणि पावसाळ्यात तर तो ऑइलशी मिसळून लगदाच बनतो. नळीला एके ठिकाणी बारीक तडाही गेला होता, त्यामुळे ती साफ न करता नवीनच टाकायचे ठरवले. एअर क्लीनरचे आणि टॅपेट कव्हरचे तोंड तारेने मोकळे करून, नळी तात्पुरती जोडून पुन्हा कागद ठेवला. या वेळी तो हलकेच तोंडावर चिकटला. सायलेन्सरमधून निळा धूरही येत नव्हता. पिस्टन रिंग झिजल्या असत्या तर वाट मोकळी केल्यावरही दाब राहिला असता, म्हणून इंजिन खोलण्याचा विचार तिथेच संपला.

सामानासाठी यवतमाळला गेलो. जुनी ओ-रिंग नमुना म्हणून दाखवून तिच्या मापाची दुसरी घेणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि ती बदलायला हवी असे मला मनापासून वाटते. जुनी रिंग वर्षानुवर्षे दाबून चपटी झालेली असते. तिच्या मापाची नवी रिंग पहिल्या दिवसापासूनच पातळ पडते. खाच किती खोल आणि रुंद आहे, यावर रिंगची जाडी ठरते. म्हणून गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन सांगून, पुस्तकातील पार्ट नंबरवरून कंपनीची रिंग मागितली. दुकानदारांनी लोकल रिंगही समोर ठेवली. तिच्या कडेने साच्याची उंच रेघ नखाला लागत होती, आणि गळती थांबवण्याचे काम नेमके त्याच कडेला करायचे असते. ओ-रिंग पन्नास रुपयांच्या आतली आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग काहीशे रुपयांचे. त्यासोबत ब्रीदर नळी, ड्रेन बोल्टचा वॉशर, फिल्टर आणि २०डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑइल, एवढे सामान घेतले. दुकानात कुणीतरी आणखी दाट ऑइल घाला, गळणे कमी होईल, असे सुचवले. दाट ऑइलने गळती मंदावते हे खरे, पण बिघडलेले रबर सुधारत नाही आणि थंडीच्या सकाळी तेच ऑइल वर कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लावते. गळती बंद करणाऱ्या बाटलीतील औषधांबद्दलही माझे मत असेच आहे; ती रबर फुगवून काही काळ भागवतात, आणि दाबाचे मूळ कारण तसेच राहते.

डिस्ट्रिब्युटर काढणे हे या कामातील खरे जोखमीचे पाऊल आहे, कारण तो चुकीच्या कोनात परत बसला तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते. पुलीवरची खूण टायमिंगच्या खुणेशी जुळवली आणि पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर असल्याची खात्री केली. बॅटरीची तार काढली. प्लगच्या तारा न उपसता कॅप तशीच बाजूला सारली. मग पांढऱ्या रंगाने दोन खुणा केल्या, एक डिस्ट्रिब्युटरचे बूड आणि इंजिन यांच्यावर सलग, दुसरी रोटरच्या (आतल्या फिरत्या काट्याच्या) टोकासमोर. डिस्ट्रिब्युटर हळूहळू बाहेर ओढताना रोटर थोडा फिरला, कारण आतील गिअरचे दात तिरपे असतात. तो जिथे थांबला तिथे तिसरी खूण केली. परत बसवताना रोटर या तिसऱ्या खुणेवर ठेवून आत ढकलला की तो फिरत फिरत दुसऱ्या खुणेवर येतो. डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही आणि स्टार्टरला हात लावायचा नाही, एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले होते.

काकांनी जुनी रिंग खाचेतून उचलली. ती गोल राहिलेली नव्हती. बाहेरची बाजू सपाट आणि चकचकीत झाली होती, आणि बोटांत जराशी वाकवताच काडीसारखी कट्कन मोडली. या प्रकारच्या सीलमध्ये सर्वसाधारणपणे नायट्राइल रबर असते. शंभर अंश सेल्सियसच्या आसपास ते वर्षानुवर्षे राहिले की त्यातील लवचिकपणा जातो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपुढे आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी अधिक, अशा हवेत या रबराने इतकी वर्षे काढली होती. खाच सुती कापडाने पुसली, टोकदार हत्यार वापरले नाही. नव्या रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावून ती पीळ न पडू देता बसवली. ओ-रिंगला सिलिकॉन किंवा शेलॅकसारखा चिकट लेप लावण्याची गरज नसते. लावले तर रिंग खाचेत नीट दबत नाही.

टॅपेट कव्हरखाली मागे कधीतरी कुणीतरी पॅकिंगवर सिलिकॉनचा जाड थर दिला होता आणि त्याचे तुकडे आतल्या बाजूला लोंबत होते. असा तुकडा तुटून खाली गेला तर ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो आणि ऑइलचा पुरवठाच तोडतो. त्यामुळे आत स्वच्छ कापड पसरूनच ते खरवडले. कव्हरची कड लोखंडी पट्टी ठेवून तपासली, ती सरळ होती. नवे पॅकिंग कोरडे बसवले आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. इथे ताकद लावणे घातक आहे. रबर दबण्यापुरताच आवळ हवा, जास्त आवळले की पॅकिंग बाहेर फुगते आणि कोपऱ्यात फट राहते. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर तेच बोल्ट हलक्या हाताने पुन्हा पाहून घेतले.

जुने ऑइल गरम असताना काढले, वॉशर आणि फिल्टर बदलला. जळलेले ऑइल धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि ज्या नाल्याचे पाणी आपल्याच विहिरीत झिरपते त्यात ते जाऊ देणे मला मान्य नाही. ते कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवले. त्याच फेरीत टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ तपासून घेतली. थोडा फरक होता, तो डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून काढला.

त्यानंतर नागपूरपर्यंतचा प्रवास झाला. परतल्यावर आरसा लावून पाहिले, तर डिस्ट्रिब्युटरचे बूड आणि हाउसिंगचा माथा कोरडा होता, आणि रात्रभर खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर डाग नव्हता. गेज पट्टीवरील ऑइलची रेघ जागची हललेली नव्हती. कापसाच्या वेचणीचा हंगाम संपेपर्यंत दर काही दिवसांनी हीच तपासणी केली आणि मागचा क्रँक सील, ज्यासाठी गिअर बॉक्स उतरणार होता, तो कोरडाच राहिला. टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ आली की पुढचा क्रँक सील आणि कॅमचा सील त्याच वेळी बदलायचे ठरले आहे, कारण तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकदाच लागते. हे सील मात्र आताच आणून ठेवलेले नाहीत. आमच्या टिनाच्या छपराखालच्या उन्हाळ्यात रबर खोक्यात पडून राहिले तरी कडक होते, म्हणून काम ठरेल त्या आठवड्यातच ते यवतमाळहून आणणार आहे.